पाच टोचे

सिदराकचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठात होते आणि सलोखा समिती दारात उभी होती. दारात म्हणजे दाराबाहेर. आमच्या चर्चच्या मागच्या अंगणात कुर्बानची, म्हणजे प्रभुभोजनाची, भाकर भाजायची जी खोली आहे तिला बेथलेहेम म्हणतात, आणि तिथे वहाणा काढल्याशिवाय पाय ठेवायचा नाही अशी रीत आहे. उस्ताद नसीफ यांच्या बुटांना नाड्या होत्या. म्हणून समितीने बाहेरूनच बोलायचं ठरवलं.

पण बोलणार कोणाशी? पीठ भिजल्यापासून झाकेपर्यंत भटाऱ्याने तोंडातून फक्त स्तोत्रं काढायची असतात. सिदराकने आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ असलेल्या सगळ्या स्तोत्रांतलं सर्वांत लांब सुरू केलं. त्या स्तोत्रात ओळीओळीला देवाच्या कायद्याचं कौतुक आहे. त्यामुळे त्याला मध्येच थांबवायचीही सोय नव्हती. आम्ही कायद्याचीच माणसं.

आम्ही चौघे होतो. अबूना बीसंती, म्हणजे आमचे धर्मगुरू, माणूस मऊ. उस्ताद नसीफ, निवृत्त शाळा-तपासनीस, जे अजूनही समोरच्या माणसाची नखं बघतात. गत्तास, सिदराकचा सख्खा चुलतभाऊ. आणि मी. मला समितीत घेतलं होतं कारण माझं अक्षर बरं आहे आणि मी कोणाला विरोध करत नाही अशी माझी ख्याती आहे.

ऊन भिंतीवरून खाली सरकलं. गत्तासने एक पाय बदलून दुसऱ्यावर भार दिला. सिदराक हे नाव पवित्र शास्त्रातल्या, धगधगत्या भट्टीत टाकूनही केस न करपलेल्या तिघांपैकी एकाचं. आमच्या सिदराकचे हात मात्र मनगटापासून वर जागोजागी भाजलेले. शेवटी स्तोत्र संपलं. त्याने पीठ काथवटीच्या मधोमध गोळा केलं, त्यावर फडकं घातलं आणि म्हणाला, "बोला."

उस्तादांनी घसा साफ केला. ठराव असा होता : ईस्टर उलटून दुसऱ्या गुरुवारी, पुलापलीकडच्या मैदानात मांडव. बिशप येणार, जिल्ह्याचे साहेब येणार, मशिदीचे शेखसाहेब येणार. ज्याच्या हातून सिदराकचा मुलगा गेला तो बाखूम पुलापासून मांडवापर्यंत बाजारातून अनवाणी चालत येणार, दोन्ही हातांवर स्वतःचं कफन घेऊन, म्हणजे माझा जीव आता तुमच्या हाती. मांडवात तो गुडघे टेकणार. सिदराक कफन स्वीकारणार, त्याच्या डोक्यावर हात ठेवणार. भाषणं. मग मेंढे कापणार. आणि मग, वर्षानुवर्षं चर्चच्या फाटकाबाहेर उभा राहिलेला बाखूम आत येऊन इतरांसारखा प्रभुभोजन घेणार.

"ईस्टरनंतर का?" सिदराकने विचारलं.

उस्ताद त्याच्याकडे, मठ्ठ विद्यार्थ्याकडे बघावं तसे बघत राहिले. "अरे, आत्ता मोठा उपास चालू आहे. मेंढे कापून खाणार कोण?"

"म्हणजे माफी मेंढ्यासाठी अडलीय."

"पाहुण्यांना काय बाकल्याची उसळ वाढायची?"

"उस्ताद," सिदराक हातावरचं पीठ खरवडत म्हणाला, "माफीत तूप नसतं, दूध नसतं. ती उपासाला चालते."

मी ते लिहून घेतलं नाही. पण लक्षात राहिलं.

यूसाब हा सिदराकचा एकुलता एक मुलगा. बाखूम त्याचा जोडीदार, एकाच वर्षी जन्मलेला, एकाच उंचीचा. उसाच्या हंगामात दोघे एकाच ट्रॅक्टरवर असायचे. एका दुपारी बाखूमने ट्रॉली मागे घेताना मागे वळून पाहिलं नाही, आणि मागे यूसाब साखळी सोडवत होता. एवढीच गोष्ट. तिच्यात वैर नव्हतं, दारू नव्हती, बाई नव्हती. त्यामुळे गावाला ती फार दिवस पटलीच नाही. बाखूम जेल भोगून आला तेव्हा अबूनांनी त्याला सांगितलं की दोन्ही घरांचा सलोखा होईपर्यंत फाटकाच्या आत येऊ नको. तो आला नाही. दर उपासनेला फाटकाबाहेरच्या निलगिरीखाली उभा राहायचा, आणि आतलं जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकायचा. आमच्या कर्ण्यामुळे ते सगळ्या बाजारालाच ऐकू यायचं, ही गोष्ट वेगळी.

गत्तासचं म्हणणं साधं होतं. रक्त सांडलं की ते कोणीतरी धुवायला हवं. एक तर दुसऱ्या रक्ताने, नाही तर कफनाने, पण चारचौघांत. घरात बसून धुतलेलं रक्त गावाला दिसत नाही.

"मला नको मांडव," सिदराक म्हणाला.

"मग तू माफ करणार नाहीस?" उस्तादांनी विचारलं.

"मी तसं म्हटलं नाही."

"मग काय म्हटलंस?"

सिदराक अबूनांकडे वळला. "अबूना, मी मळायला बसण्याआधी तुम्ही दर वेळी इथे दारात येता, तेव्हा मला काय विचारता?"

अबूना सगळ्यांत आधी समजले, आणि जमिनीकडे बघायला लागले. ज्याचं कोणाशी वैर आहे त्याने कुर्बानच्या पिठाला हात लावायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. म्हणून धर्मगुरू दारात येऊन भटाऱ्याला विचारतो : मन साफ? भटारी म्हणतो : साफ. मग पीठ भिजतं.

"यूसाब गेल्यापासून तुम्ही विचारताय आणि मी सांगतोय," सिदराक म्हणाला. "आता उस्तादांनी मला सांगावं. मी बाखूमला माफ केलं नसेल तर इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांनी जे तोंडात घेतलंत ते काय होतं? आणि केलं असेल, तर मांडव कशाला?"

आत फडक्याखाली पीठ आपलं काम करत होतं. उस्ताद नसीफ यांनी आयुष्यभर मुलांना पेचाचे प्रश्न घातले; त्यांना कोणी घातल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं. ते म्हणाले की मुद्दा गंभीर आहे, आणि समिती त्यावर स्वतंत्र बैठक घेईल.

बैठक उस्तादांच्या घरी झाली. काळा चहा, त्यात चमचा उभा राहील इतकी साखर, आणि उपासाची म्हणून नुसत्या तेलातली वांगी. उस्तादांनी दोन शक्यता मांडल्या. पहिली मान्य केली तर सगळं गाव पंचाईतीत सापडत होतं, बिशप धरून, कारण मागच्या नाताळात तेही आले होते. दुसरी मान्य केली तर एका भटाऱ्याने समितीला न विचारता, साक्षीदाराशिवाय, भाषणाशिवाय, परस्पर माफी देऊन टाकली होती. दुसरी शक्यता उस्तादांना जास्त झोंबली. पहिलीत निदान सगळे सारखेच बुडत होते.

अबूना हळूच म्हणाले की आपण सिदराकला राहू द्यावं. गत्तास म्हणाला, राहू द्या, मग माझे मुलगे काय करतील त्याची हमी मी देत नाही. मांडव झाला तर ते हात बांधून उभे राहतील, नाही झाला तर बाखूमने गाव सोडलेलं बरं. धमकी त्याने चहात फुंकर मारत दिली. गत्तास वाईट माणूस नाही. यूसाबला त्यानेच पोहायला शिकवलं होतं. त्याला फक्त त्या पोराचं मरण एवढ्यावर संपलेलं सहन होत नव्हतं.

शेवटी ठरलं ते असं : सिदराकने मांडवाला हो म्हणावं, नाही तर बेथलेहेमची किल्ली द्यावी. मी ते चांगल्या अक्षरात लिहिलं.

सिदराकने कागद वाचला आणि कमरेच्या दोरीला बांधलेली किल्ली सोडून अबूनांच्या हातावर ठेवली. भाकरीवर उमटवायचा लाकडी ठसाही काढून दिला. मध्ये मोठा क्रूस, भोवती बारा छोटे, आणि कडेने लिहिलेलं पुसट झालेलं. त्याच्या वडिलांच्या हातून त्याच्याकडे आलेला. फक्त एवढंच म्हणाला, "पिठात मीठ घालायचं नाही. नवा माणूस घालतो."

अबूनांनी किल्ली अशी धरली होती की जणू ती गरम आहे.

पुढची उपासना शुक्रवारी दुपारी. भाकर त्याच दिवशीची लागते, आदल्या दिवशीची चालत नाही. शुक्रवारी सकाळी अबूना भटारी शोधायला निघाले. गत्तास तयारच होता. तरुणपणी त्याने सिदराकच्या हाताखाली भट्टी सांभाळली होती. तो हातपाय धुऊन, अनवाणी, बेथलेहेमच्या दारात आला.

"मन साफ?" अबूनांनी विचारलं.

गत्तासचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाखूमचं नाव काढलं तरी त्याला रात्रभर झोप लागत नाही, हे त्याच्या बायकोने अर्ध्या गावाला सांगितलेलं. खोटं बोलणं त्याला जमलं असतं, पण त्या उंबऱ्यावर नाही. तो मागे फिरला आणि अंगणातल्या हौदाच्या कठड्यावर जाऊन बसला.

उस्ताद नसीफ आपल्या सख्ख्या भावाशी बोलत नव्हते. भावाच्या खजुराच्या झाडाची सावली त्यांच्या गच्चीवर पडते, हे कारण. मुख्य सेवक मलाक बायकोशी बोलत नव्हता, किंवा ती त्याच्याशी. त्यावरच वाद होता. घंटा वाजवणारा फाम सगळ्यांशी बोलायचा, पण मेहुण्याने कबरीत जावं अशी रोज प्रार्थना करायचा आणि लपवायचाही नाही. माझ्यापाशी आल्यावर अबूनांनी प्रश्नच विचारला नाही. नुसतं माझ्याकडे बघितलं आणि पुढे गेले.

ऊन चढत होतं. कायदा अगदी नीट पाळला जात होता आणि गावात एकही भाकर नव्हती. शेवटी अबूना अंगणात येऊन थांबले. किल्ली त्यांच्या हातातच होती. मला वाटतं तेव्हा ते स्वतःलाही तो प्रश्न विचारत असावेत, कारण त्यांचा चेहरा फार उतरला होता. मग त्यांनी फामला सिदराकच्या घरी पिटाळलं.

सिदराक आला, मागे त्याची बायको इस्तिर. ती काळ्या कपड्यांत, तोंड मिटलेलं. त्याने किल्ली घेतली नाही. अंगणात उभा राहिला, नमुना म्हणून ठेवल्यासारखा.

आणि तेवढ्यात फाटकातून बाखूम आत आला.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा आत. अनवाणी. दोन्ही हात समोर पसरलेले आणि त्यांवर घडी घातलेलं पांढरं कोरं कापड. तो पुलापासून बाजारातून चालत आला होता. मांडव नव्हता, बिशप नव्हते, भाषण नव्हतं. दुकानांतले लोक तराजू हातात धरून बघत राहिले होते म्हणे. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की त्याच्यापायी सिदराकची भट्टी गेली.

तो गुडघ्यांवर बसणार, तोच सिदराक ओरडला, आणि सिदराकला ओरडताना मी त्या आधी ऐकलेलं नव्हतं. "चपला कुठायत तुझ्या?"

बाखूम गोंधळला. "अबू यूसाब, मी..."

आमच्याकडे बापाला अबू आणि आईला उम्म लावून थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. यूसाब गेल्यावर आम्ही सगळे सिदराकला सिदराक म्हणायला लागलो होतो, त्याला लागू नये म्हणून. बाखूमने ते नाव सोडलं नव्हतं.

"बाजारातून अनवाणी आलास? कोणासाठी? त्यांच्यासाठी?" सिदराकने आमच्याकडे हात केला. "अनवाणी व्हायचं तर त्या खोलीत व्हायचं. बाहेर कशाला पाय पोळून घ्यायचे? ऊठ."

"सिदराक," उस्ताद नसीफ म्हणाले, "त्याला कफन देऊ दे. इथे तर इथे. मी साक्षीला आहे. दोन शब्द बोलतो आणि–"

"उस्ताद, मुलगा माझा गेला. माफ करायचा हक्क तेवढा माझ्याकडे उरलाय. तोही तुम्हीच वापरणार?"

हौदावरून गत्तास म्हणाला, "आणि रक्ताचं काय? ते कोणी भरायचं?"

सिदराकने अबूनांच्या दुसऱ्या हातातला ठसा घेतला आणि गत्तासच्या समोर धरला. आमची भाकर ठशाने उमटवली की काडीने तिला पाच टोचे देतात, क्रूसावरच्या प्रभूच्या जखमा म्हणून. तीन खिळ्यांचे, एक काट्यांच्या मुकुटाचा, एक भाल्याचा. आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

"हे बघ," सिदराक म्हणाला. "माझ्या बापाने टोचले, मी टोचतोय. पाच. भरायचं होतं ते एकाने भरलंय, असंच आपण ऐकत आलो ना? का ते नुसतं गाण्यापुरतं? बाखूमच्या नावाने सहावा टोचा द्यायचा असेल तर दाखव कुठे देऊ. ठशात जागा नाही, गत्तास. मी शोधून बघितलीय. पहिल्या वर्षी तर रोज शोधायचो."

गत्तासने ठशाकडे पाहिलं. मग हौदातल्या पाण्याकडे. त्या दिवसापासून त्याच्या मुलांनीही काही केलं नाही.

अबूना पुढे झाले. त्यांनी बेथलेहेमचं कुलूप स्वतः उघडलं, उंबऱ्याशी उभे राहिले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. आवाज नेहमीचा नव्हता. "मन साफ?"

"नाही," सिदराक म्हणाला.

अबूनांच्या हातातून किल्ली पडली.

"खरं सांगतो आज. तुम्ही विचारता तेव्हा कधीच नसतं. त्याचं तोंड आठवतं, ट्रॉली आठवते. मी साफ म्हणतो आणि आत जातो. मग मळता मळता होतं. पीठ झाकेपर्यंत झालेलं असतं. दुसऱ्या दिवशी परत नसतं. परत मळतो." तो थांबला. "म्हणून तर भट्टी सोडवत नव्हती."

यावर काय म्हणावं ते कुठल्या नियमात लिहिलेलं असेल तर अबूनांना ते आठवलं नाही. ते वाकले, किल्ली उचलली, आणि दारातून बाजूला झाले.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली, जी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती आणि कोणीच पाहिली नव्हती. अबूना तबकातल्या भाकरी उलटसुलट करून जी बिनचिरेची निवडतात तिला कोकरू म्हणतात. ती वेदीवर जाते आणि मोडली जाते. न निवडलेल्या भाकरी अखंड राहतात आणि उपासनेनंतर फाटकाशी वाटल्या जातात, येईल त्याला, जात-धर्म न विचारता. त्या एकाच पिठाच्या, एकाच भट्टीतल्या. टोपली घेऊन सिदराक उभा राहायचा. आणि पहिली भाकर तो फाटकाबाहेर, निलगिरीकडे हात लांब करून द्यायचा. दर वेळी. आम्ही मागे रांगेत असायचो, आपला नंबर कधी येतो ते बघत.

सिदराकने पाय धुतले. बाखूम तसाच उभा होता, हात पसरलेले, त्यावर कापड. ते कोणी घेत नव्हतं, आणि त्याला खाली ठेवता येत नव्हतं.

इस्तिर पुढे आली. उस्ताद नसीफ यांना संधी दिसली. ते मऊ आवाजात म्हणाले, "उम्म यूसाब, तुम्हीही माफ केलंत ना?"

"नाही," ती म्हणाली. "मी भाकर भाजत नाही. मला घाई नाही."

उस्ताद एक पाऊल मागे सरकले.

तिने बाखूमच्या हातांवरून कापड उचललं, बोटांत धरून चोळून पाहिलं. "कांजी आहे याला. पीठ चिकटेल." मग सिदराककडे न बघता त्याला म्हणाली, "तुमचं झाकायचं फडकं विरलंय. मागच्या महिन्यापासून सांगतेय."

ती हौदापाशी गेली. गत्तास कठड्यावरून उठला आणि काही न बोलता तिला पाणी उपसून देऊ लागला. तिने ते कफन दोनदा खळबळून धुतलं, पिळलं. दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं म्हणून तिने बाखूमकडे पाहिलं. त्याने धरलं. दोघांनी ते उलट्या दिशांना पिळलं, झटकलं आणि अंगणातल्या तारेवर घातलं. त्या दिवसांत वाळवंटाकडून गरम वारा असतो. कापड बघता बघता सुकलं.

आतून सिदराकचा आवाज येत होता. आज त्याने लहान स्तोत्रं घेतली होती, उशीर झाला होता. बाखूम उंबऱ्याशी थांबला. त्याचे पाय आधीच उघडे होते. सिदराकने मळता मळता मानेनेच त्याला खूण केली, आणि तो आत जाऊन भट्टीत सरपण सारू लागला. कोणी त्याला हरकत घेतली नाही. उस्ताद नसीफ नाड्या सोडायला खाली वाकले होते. त्यांना वेळ लागत होता.

इस्तिरने तारेवरचं कापड काढलं आणि आत नेलं. ते काथवटीपेक्षा फार लांब होतं. बाखूमच्या मापाचं घेतलेलं, म्हणजे यूसाबच्याही. तिने ते हातभर हातभर करत मोजलं, एका जागी तिचा हात थांबला, मग तिने ते दुहेरी केलं, परत दुहेरी केलं आणि पिठावर घातलं. कडा नीट खोचल्या, जशा पोराच्या अंगावर खोचतात तशा.

मग सगळेच वाट बघत थांबले, कारण आता करण्यासारखं काही नव्हतं. थोड्या वेळाने कापड मधोमध किंचित वर उचललं गेलं. इस्तिर भिंतीला टेकून बघत राहिली.